रक्तातला गुन्हा

खाण तशी माती, असे आपण सहज बोलून जातो. म्हण म्हणून त्यात फारसे बिघडत नाही. पण हीच समजूत सरकारने कायद्यात घातली तर? आपल्या देशात तसे घडले, आणि तो कायदा एक्क्याऐंशी वर्षे टिकला.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागचा विचार पाहा. सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर. तेव्हा चोराचा मुलगा चोरच व्हायचा! प्रथम हा कायदा उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ नंतर तो इतर इलाख्यांतही आला. आपल्याकडे पारधी, कैकाडी अशा जमातींची नावे यादीत चढली. ज्याने जन्मात कुणाची काडी उचलली नाही, त्याच्याही मागे पोलिसांची हजेरी लागली. सोलापुरास तर अशा कुटुंबांसाठी काटेरी तारांच्या कुंपणातली वसाहत होती.

आता असे बघा. फिरत्या व्यापारावर जगणाऱ्या कितीतरी लोकांचा धंदा रेल्वेने आधीच बुडवला होता. त्यात हजेरीमुळे गाव सोडता येईना, आणि शिक्का बसलेल्याला काम कोण देणार? मग पोटासाठी एखाद्याने चोरी केली, की म्हणायला मोकळे, बघा, रक्तातच आहे!

मग स्वभावात अनुवंशाचा काहीच वाटा नाही काय? आहे तर. २०१५ साली जुळ्यांवरच्या अडीच हजारांहून अधिक शोधनिबंधांचा एकत्र हिशेब झाला. माणसामाणसांतल्या फरकांत सरासरीने निम्म्याच्या आसपास वाटा अनुवंशाचा निघाला. पण हा हिशेब समूहातल्या फरकांचा आहे. अमका मुलगा पुढे काय करील, हे तो सांगत नाही. एक जमात दुसरीहून वाईट, असेही त्यातून निघत नाही. शिवाय चोरीचे म्हणून एखादे जनुक कुणाला सापडलेले नाही. स्वभाव घडवण्यात असंख्य जनुके थोडाथोडा हातभार लावतात, आणि परिस्थिती आपला वाटा उचलते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या जाऊ लागल्या. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि जुना संशय पुरता गेला नाही तो नाहीच. तेव्हा वाचकहो, गावात चोरी झाली आणि कुणी माळावरच्या पालांकडे बोट दाखवले, तर एवढेच विचारा: पुरावा काय? जन्म हा पुरावा नव्हे.