मद्याची नशा : चढते कशी, उतरते कशी?

लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांमुळे नशा उतरते, असा समज सर्वत्र आढळतो. शरीरशास्त्र मात्र त्याला दुजोरा देत नाही. नशा उतरण्यास ठरावीक वेळच का लागतो, हे समजण्यासाठी मद्याचा शरीरातील प्रवास पाहावा लागेल.

मद्यातील मादक घटक म्हणजे इथाइल अल्कोहोल, अर्थात मद्यार्क. पेय कोणतेही असो, हा घटक एकच. फरक केवळ प्रमाणाचा. आपल्याकडील व्हिस्कीत साधारणतः 42.8 टक्के मद्यार्क असतो. त्यामुळे 30 मिलिलिटरच्या एका पेगमधून सुमारे 10 ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे 40 ग्रॅम, म्हणजे चार पेगइतका असतो. ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ हे म्हणणे त्यामुळेच फसवे ठरते.

रक्तातून मेंदूकडे

मद्यार्काला अन्नासारखे पचावे लागत नाही. त्याचा थोडा भाग जठरातून आणि बराचसा लहान आतड्यातून थेट रक्तात शोषला जातो. रिकाम्या पोटी प्यायल्यास साधारण अर्ध्या ते दीड तासात रक्तातील पातळी कमाल होते. पोटात अन्न असल्यास जठर उशिरा रिकामे होते आणि नशा सावकाश चढते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक वाढते.

मेंदूत पोहोचलेला मद्यार्क चेतापेशींना शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा प्रभाव वाढवतो आणि त्यांना उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा प्रभाव घटवतो. म्हणजेच मद्य हे मुळात उत्तेजक नसून मेंदूचे काम मंदावणारे द्रव्य आहे. आरंभीचा उत्साह हा संयमाचा लगाम सैल झाल्याचा परिणाम असतो. त्याला आनंदाची भावना देणाऱ्या डोपामिनची जोड मिळते. पुढे लहान मेंदूवर परिणाम होऊन तोल जातो, जीभ अडखळते. स्मृती साठवण्याचे काम बंद पडले, तर रात्रीचे काहीच सकाळी आठवत नाही. अतिसेवनाने श्वसनकेंद्रच मंदावून मृत्यू ओढवू शकतो.

या क्रमात विवेक सर्वांत आधी शिथिल होतो. ‘मला काहीच चढलेली नाही’ हे मद्यपीचे विधान म्हणूनच विश्वासार्ह नसते.

यकृताची गती

रक्तातील 90 टक्क्यांहून अधिक मद्यार्काची विल्हेवाट यकृत लावते. प्रथम त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि नंतर निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये रूपांतर होते. हे काम तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम या गतीनेच चालते. कॉफीने झोप उडेल, पण ही गती वाढणार नाही. मध्यरात्री एकपर्यंत आठ पेग घेतलेल्या व्यक्तीच्या रक्तात सकाळी कामावर निघतानाही मद्यार्क शिल्लक असू शकतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. 2019 मधील दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उच्छ्वासातून बाहेर पडणारा मद्यार्क रक्तातील प्रमाणाशी निगडित असल्यामुळेच पोलिसांचे श्वासचाचणी यंत्र ही मात्रा दाखवू शकते. बडीशेप किंवा पानाने वास लपेल, मात्रा नव्हे.

‘झोपू द्या, उतरेल’ हा सल्ला घातक

अतिमद्यपानाने बेशुद्ध पडलेल्या व्यक्तीला एकटे सोडू नये. पोटातील मद्य रक्तात शोषले जाणे झोपेतही सुरूच राहते आणि उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीला कुशीवर वळवावे. हाक मारूनही प्रतिसाद नसेल, श्वास संथ किंवा अनियमित झाला असेल अथवा अंग गार पडले असेल, तर तातडीने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लिंबूपाणी पाजण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशातून ते थेट फुफ्फुसात जाऊ शकते.