पोलादाची नावे : उक्कूपासून एल. डी.पर्यंत

तंत्रविद्येचा इतिहास बहुधा शोधकांच्या नामावळीच्या रूपाने सांगितला जातो. पोलादनिर्मितीच्या पद्धतीही हंट्समनची, बेसेमरची, सीमेन्स-मार्टिनची, थॉमसची अशा व्यक्तिनामांनीच ओळखल्या जातात. मात्र एखाद्या पद्धतीला कोणते नाव मिळाले, हा प्रश्न ती कोणी लेखबद्ध केली, या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. त्या दृष्टीने पाहिल्यास पोलादाचा इतिहास हा ज्ञानाच्या मौखिक आणि लिखित रूपांमधील व्यवहाराचाही इतिहास ठरतो.

मराठीतील शब्दच याची साक्ष देतात. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात लोहाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे भेद केले आहेत. त्यांतील ‘तीक्ष्ण’पासून आलेला ‘तिखे’ हा शब्द जुन्या मराठीत पोलादासाठी रूढ होता. पुढे त्याची जागा फारसीतून आलेल्या ‘पोलाद’ने घेतली. उत्कृष्ट पोलाद घडत होते ते शेजारच्या तेलंगणात आणि कर्नाटकात. तेलंगणातील कोनसमुद्रम् येथे ते विकत घेण्यासाठी इराणी व्यापारी येत असत. तेथील ‘उक्कू’ हा शब्द मात्र मराठीत रुजला नाही. वस्तू शेजारची आणि तिचे नाव दूरच्या दरबारी भाषेतले, असा हा प्रकार आहे.

उक्कूची कृती थोडक्यात अशी होती. घडीव लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड आणि काही हिरवी पाने मातीच्या लहान मुशीत घालून तिचे तोंड लिंपून टाकीत. अशा अनेक मुशी भट्टीत रचून भात्याने कित्येक तास धग देत असत. लाकडातील कार्बन शोषला गेला की लोखंडाचा द्रवणांक खाली येई व ते वितळे. मग ते सावकाश थंड होऊ देत. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन असे. मुशीत वनस्पती कोणती घालायची, धग कधी थांबवायची, हे कारागिराच्या हाताला आणि डोळ्याला ठाऊक होते. त्याची पोथी नव्हती. फ्रान्सिस बुकॅननने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात म्हैसूर प्रदेशातील या कामाचे वर्णन आले, ते बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेतून.

त्याआधीच हे पोलाद इंग्रजी विद्वत्सभेत पोहोचले होते. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले आणि १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावरील निबंध मांडला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईत बनविलेले’ व तेथे ‘वुट्झ’ म्हणून ओळखले जाणारे असल्याचे म्हटले होते. ‘वुट्झ’चा संबंध सामान्यतः ‘उक्कू’शी जोडला जातो. शीर्षकात बंदर हेच उत्पत्तिस्थान झाले आणि मुशी लिंपणारी गावे त्यातून गळली. याच धातूच्या पात्यांना युरोपात ‘दमास्कस’चे नाव मिळाले होते, त्यामागेही बाजारपेठेला जन्मस्थान मानण्याची हीच रीत दिसते. पुढे मायकेल फॅरडेने जेम्स स्टोडार्टसह १८१९ नंतर वुट्झवर प्रयोग केले आणि त्याच्या गुणांचे श्रेय अ‍ॅल्युमिनियम व सिलिकॉनच्या अंशांना दिले. हे अनुमान टिकले नाही. पण त्यातून पोलादाच्या मिश्रधातूंचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

लिखित शब्दाची सत्ता किती कठोर असते, याचे उदाहरण म्हणजे जोसाया मार्शल हीथ. मद्रास इलाख्यातील हा अधिकारी दक्षिणी पोलादाचा अभ्यासक होता. १८३० मध्ये त्याने पोर्तो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना उभारला. मुशीत मँगनीजचे संयुग घातल्यास पोलाद अधिक चांगले होते, या शोधाचे पेटंट त्याने १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. पेटंटच्या मजकुरात मँगनीजचे कार्बाइड असे शब्द होते. इतरांनी मँगनीज ऑक्साइड आणि कार्बनयुक्त द्रव्य वेगवेगळे मुशीत टाकले. संयुग मुशीच्या आतच तयार होऊन परिणाम तोच साधला. खटला लॉर्ड्स सभेपर्यंत गेला व १८५५ मध्ये निकाल हीथच्या विरोधात लागला. तोवर त्याचा मृत्यू झाला होता. कारागिराचे ज्ञान लिहिले न गेल्याने निनावी राहिले; हीथचे लिहिले गेले, तरी शब्दांच्या मापात बसले नाही.

हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथे ‘इंधनाशिवाय’ पोलाद करण्याची घोषणा केली. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवा फुंकली की त्यातील कार्बन व सिलिकॉन जळतात आणि त्याच उष्णतेने धातू द्रवरूप राहतो, हे त्यामागील तत्त्व. मात्र परवाने घेणाऱ्यांना अपयश आले, कारण बेसेमरने योगायोगाने फॉस्फरसचे प्रमाण कमी असलेले लोखंड वापरले होते. रॉबर्ट मशेटने सुचविलेली मँगनीजयुक्त मिश्रधातूची पुरवणी आणि स्वीडनमध्ये योरान योरान्सनने १८५८ मध्ये मिळविलेले यश यांच्या आधाराने ही पद्धत स्थिर झाली. नाव मात्र एकट्या बेसेमरचे राहिले. फॉस्फरसचा प्रश्न सोडविला तो पोलीस न्यायालयातील कारकून सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने. पर्सी गिलख्रिस्ट या चुलतभावाच्या मदतीने त्याने भट्टीला डोलोमाइटचे अस्तर दिले व चुना घालून फॉस्फरस मळीत उतरविला. १८७९ मध्ये मिडल्सब्रो येथे हे सिद्ध झाल्यावर लोरेनमधील निरुपयोगी मानलेल्या खनिजाला मोल आले आणि मळीचेही खत झाले.

सीमेन्सची उष्णता साठविणारी भट्टी पिएर-एमिल मार्टिनने १८६५ मध्ये पोलादासाठी यशस्वी केली. या ‘ओपन हार्थ’ पद्धतीत काम संथ चाले. पण धातूची तपासणी करीत करीत रसायन नेमके राखता येई. साकचीच्या टाटा कारखान्यात १९१२ मध्ये पोलाद निघाले ते अशाच भट्टीतून. ऑस्ट्रियातील लिंझ येथे १९५२ मध्ये शुद्ध ऑक्सिजन फुंकण्याची पद्धत औद्योगिक पातळीवर आली आणि लिंझ व डोनाविट्झ या गावांच्या आद्याक्षरांवरून ती ‘एल. डी.’ झाली. भारतात ती राउरकेला येथे सर्वप्रथम स्वीकारली गेली. भिलाई व दुर्गापूर यांनी मात्र आरंभी ‘ओपन हार्थ’च निवडली. येथे प्रथमच पद्धतीला व्यक्तीऐवजी गावांची नावे मिळाली. दोन ऑस्ट्रियन गावांना जे सहज लाभले, ते कोनसमुद्रम्‌ला लाभले नव्हते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जे. डी. व्हरहोवेन आणि पाती घडविणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी जुन्या पात्यांवरील नक्षीमागे खनिजातील व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे सूक्ष्म अंश असल्याचे दाखवून दिले. प्रयोगशाळा आणि लोहारशाळा येथे एका निबंधात सहलेखक म्हणून आल्या. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीला ‘उक्कुनगरम’ हे नाव आहे. ज्या शब्दाचे इंग्रजीत ‘वुट्झ’ झाले, तो तेथे मूळ रूपात उभा आहे. त्या शब्दामागील कारागिरांची नावे मात्र कोणत्याच भाषेत उतरलेली नाहीत.