सिमला ऑफिसातील कालश्रेणी

शिवाजीनगरातील ज्या वास्तूमुळे पुणेकर शेजारच्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात, तेथे १९२८ मध्ये भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले, तरी मोसमी पावसाचा हंगामी अंदाज बांधण्याचे काम पुण्यातच रुजले. या कामाचा गणिती पाया १९०४ ते १९२४ या काळात खात्याचे प्रमुख असलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी घातला होता. दूरदूरच्या प्रदेशांतील हवेचा दाब, हिमालयातील बर्फ आणि भारतातील पाऊस यांचे सहसंबंध, म्हणजे एक राशी बदलली असता दुसरी तिच्यासोबत कितपत बदलते याचे माप, त्यांनी जुन्या नोंदींवरून काढले आणि त्यांतून अंदाजाची समीकरणे रचली. शेकडो सहसंबंध तपासले तर त्यांतील सर्वांत मोठा निव्वळ योगायोगानेही मोठा दिसू शकतो, हे त्यांनी १९१४ मध्येच दाखवले होते. पुढच्या पिढ्यांनी ही सूचना अधिक गांभीर्याने घेतली असती तर बरे झाले असते.

भारत सोडल्यावर, १९३१ मध्ये, वॉकर यांनी ऑस्ट्रेलियातील डार्विन बंदराच्या दाबाची कालश्रेणी, म्हणजे कालक्रमाने मांडलेल्या निरीक्षणांची मालिका, अभ्यासली. श्रेणीतील आजचे मूल्य तिच्याच मागील मूल्यांवर अवलंबून असते, ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ युल यांनी १९२७ मध्ये सूर्यावरील डागांसाठी वापरली होती. वॉकर यांनी ती व्यापक केली. या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी समीकरणे आज शेअर बाजार आणि व्याजदर यांचा अभ्यास करणाऱ्या अर्थमितीच्या पहिल्याच धड्यांत येतात.

वॉकर यांचे अनेक सहसंबंध मात्र काळाच्या ओघात क्षीण झाले. तरीही १९८८ मध्ये वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले नवे समीकरण मांडले, आणि १९८७ नंतर २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ न पडल्याने त्याची कीर्ती वाढली. अशा काळात दरवर्षी ‘पाऊस सरासरीइतका’ एवढेच सांगणाराही बहुतेक वेळा खरा ठरला असता. २००२ मध्ये सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. पडला सुमारे ८१ टक्के. त्यानंतर घटक बदलून नवी समीकरणे आली, पण कालचे संबंध उद्याही टिकतील हे गृहीतक तेच राहिले.

याला पर्याय होता सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या प्रक्रियेसारखी प्रक्रिया संगणकात घडवून तिचे निकाल पाहण्याचा. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१२ पासून मान्सून मिशनखाली वातावरण आणि महासागर यांचे संयुक्त प्रारूप विकसित झाले. सुरुवातीच्या स्थितीत किंचित फरक करून ते पुन्हापुन्हा चालवतात आणि निकालांचा समूह, ज्याला एन्सेम्बल म्हणतात, तपासतात. त्यासाठी लागणारी गणनशक्ती थोडीथोडकी नव्हे: २०१८ मध्ये तेथे बसवलेल्या ‘प्रत्यूष’ची क्षमता चार पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी गणिती क्रिया, एवढी होती.

वित्तीय अर्थमितीही याच वळणावर आली होती. भावांतील चढउतारांची तीव्रता स्वतःच यदृच्छेने बदलते आणि प्रत्यक्ष दिसत नाही, असे मानणाऱ्या प्रारूपांत निरीक्षणांची संभाव्यता सुटसुटीत सूत्रात मांडता येत नाही. म्हणून डफी आणि सिंगलटन यांनी १९९३ मध्ये सुचवलेल्या रीतीत प्रारूपातून कृत्रिम श्रेणी निर्माण करतात, तिची सरासरी, चढउतार आदी वैशिष्ट्ये खऱ्या श्रेणीशी ताडतात आणि दोन्ही जुळेपर्यंत प्रारूपाचे गुणांक बदलत राहतात. पाषाणच्या प्रारूपाला भौतिकीच्या नियमांचा आधार असतो, तो बाजाराच्या प्रारूपाला नसतो. त्यामुळे तेथे चुकीचे प्रारूपही गुणांक जुळवून खरे भासवता येते, आणि हा धोका सोळा घटकांच्या समीकरणाहून फारसा निराळा नाही.

हवामान खाते २०२१ पासून अनेक प्रारूपांचे एन्सेम्बल वापरते, आणि एका आकड्यासोबत तुटीपासून अतिरिक्त पावसापर्यंतच्या पाच गटांची संभाव्यताही जाहीर करते.