तान्ह्या बाळाचा प्रवास : चिल्ला, दूध आणि वाट

अकबर बादशहाने आयुष्यातला पहिला प्रवास केला तेव्हा त्याचे वय किती होते? प्रश्न विचित्र वाटेल. पण घरात बाळ जन्मले की महिन्याभरात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत आपल्याकडे निघतोच. बाळाचा बाप दुबईला किंवा कुवेतला असतो, त्याला लेकराचे तोंड पाहायचे असते. सासरचे म्हणतात, ईद आमच्याकडे करा. सुटी मिळाली आहे, सगळे मिळून महाबळेश्वरला जाऊ, असे कुणीतरी सुचवते. मग घरातली वडीलधारी बाई म्हणते, "चिल्ला तरी होऊ दे." पुष्कळदा चर्चा तिथेच संपते. हा चिल्ला कुठून आला, तो धर्माचा आहे की रिवाजाचा, आणि पूर्वीची माणसे खरोखर तो पाळत होती का, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

हिंदुस्थानच्या इतिहासात ज्या तान्ह्या मुलाच्या प्रवासाची हकिगत सर्वांत बारकाईने लिहिली गेली, ते मूल म्हणजे अकबर. लिहिणारेही जवळचे. जौहर आफताबची हा हुमायूनच्या हातावर पाणी घालणारा सेवक. गुलबदन बेगम ही हुमायूनची सावत्र बहीण, म्हणजे अकबराची आत्या. आणि अबुल फज्ल हा दरबारी इतिहासकार. पहिल्या दोघांनी आपल्या आठवणी अकबराच्याच इच्छेवरून, त्याच्या राज्याच्या भरात लिहिल्या. तिघांचे तपशील सगळीकडे जुळत नाहीत, आणि मौज तिथेच आहे.

१५४० साली कनौजला शेरखानाकडून हार खाऊन हुमायून सिंधकडे पळाला. तिथे १५४१ मध्ये त्याचा निकाह हमीदाबानूशी झाला. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. गुलबदन सांगते की ही मुलगी चाळीस दिवस नकार देत होती, वाद घालत होती. शेवटी दिलदार बेगमने तिची समजूत काढली. पुढच्याच वर्षी, गर्भार असताना, ऐन उन्हाळ्यात तिने नवऱ्याबरोबर राजपुतान्याचे वाळवंट तुडवले. पाण्यासाठी माणसे मेली. घोडे इतके कमी की तिच्यासाठी एक घोडा मागावा लागला, आणि तोही सरदाराने सुखासुखी दिला नाही. अखेर ऑगस्ट १५४२ मध्ये उमरकोटच्या राण्याने आसरा दिला. तिथे १५ ऑक्टोबर १५४२ रोजी अकबराचा जन्म झाला. बाप जवळ नव्हता. तो चारच दिवसांपूर्वी फौज घेऊन पुढे निघाला होता. बातमी कळली तेव्हा वाटायला काही नव्हते, म्हणून त्याने कस्तुरीचा एक लहानसा नाफा फोडून सोबत्यांना वाटला, असे जौहर लिहितो.

त्यानंतर हुमायूनने जून या गावी तळ दिला आणि बायको-मुलाला बोलावून घेतले. जौहर म्हणतो, बाळ तळावर पोहोचले तेव्हा ते पस्तीस दिवसांचे होते. आता गोंधळ असा की जौहर जन्मतिथी १४ शाबान देतो आणि अबुल फज्ल ५ रज्जब. दोन्हींत महिन्याहून जास्त अंतर आहे. अबुल फज्लची तिथी धरली तर बाळ अधिक मोठे ठरते. इतिहासकार बहुतेक अबुल फज्लच्या बाजूने उभे राहतात. मला इथे तिथीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. चिल्ला पुरा होण्याआधी बादशहाचा मुलगा रेताड मुलखातून प्रवास करून आला, हे लिहिताना जौहरला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याने ना सफाई दिली, ना नवल केले. आपल्या आजीच्या तोंडचा चिल्ला इतका अटळ असता, तर त्या धर्मनिष्ठ सेवकाच्या लेखणीने एखादा शब्द तरी खर्च केला असता.

मग धर्म काय सांगतो? चाळीस दिवसांचा संबंध निफासशी, म्हणजे बाळंतिणीच्या रक्तस्रावाशी आहे. त्या काळात तिला नमाज माफ आहे, रोजे नंतर ठेवायचे आहेत. हनफी फिकहमध्ये निफासची जास्तीत जास्त मुदत चाळीस दिवस मानतात. शाफई फिकहमध्ये ती साठ दिवसांपर्यंत जाते. म्हणजे देशावरची हनफी बाळंतीण आणि कोकणातली शाफई बाळंतीण यांची कमाल मुदतच वेगळी. आणि ही वरची मर्यादा आहे, खालची नव्हे. त्याआधी ती पाक झाली तर नमाज तिच्यावर फर्ज होते. या सगळ्यात बाळाने घराबाहेर पडावे की नाही याविषयी एक अक्षर नाही. चाळीस दिवस कोंडून राहण्याचा नियम आपल्या बायकांनी, सुईणींनी आणि शेजारपाजारने मिळून घडवला. तो मूर्खपणाचा होता असे मी म्हणणार नाही. बाळंतिणीला हक्काची विश्रांती त्याच्याच आडोशाने मिळाली, हे विसरून चालणार नाही. चूल, विहीर आणि सासू यांपासून चाळीस दिवस सुटका मिळणारी ती आयुष्यातली एकच संधी असे.

पण शरियतचे नाव घेऊन कुणी बाळाला अडवत असेल, तर त्याला जुलहुलैफाची हकिगत सांगावी. हिजरी १० मध्ये पैगंबर (स.) अखेरच्या हजला निघाले. जिलकदचे पाच दिवस उरले होते. मदिनेबाहेर जुलहुलैफाला पहिला मुक्काम पडला आणि तिथे हजरत अबू बक्र यांच्या पत्नी असमा बिन्ते उमैस बाळंत झाल्या. मुलगा झाला, हाच मुहम्मद बिन अबू बक्र, जो पुढे हजरत अली यांच्या वतीने मिसरचा सुभेदार झाला. आता काय करायचे, असा निरोप असमांनी पैगंबरांना पाठवला. उत्तर आले की गुस्ल करा, कपडा बांधा आणि एहराम धारण करा. परत जा, असे कुणी म्हटले नाही. काफिला जिलहिजच्या चौथ्या दिवशी मक्केत पोहोचला, म्हणजे त्या बाळाने चारशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आयुष्याच्या पहिल्या आठ-नऊ दिवसांत केला. या हदीसवर फुकहांनी एहराम आणि गुस्लच्या अंगाने पुष्कळ लिहिले. मला तिच्यात अजून एक गोष्ट दिसते. प्रश्न बाईने विचारला आणि उत्तर तिला मिळाले. त्याच हजच्या वाटेवर रौहा इथे एका स्त्रीने आपले मूल वर उचलून विचारले होते की याचाही हज होतो का. होतो, आणि सवाब तुला आहे, असे तिला सांगण्यात आले.

याचा अर्थ आठ दिवसांच्या बाळाला घेऊन कुणीही निघावे असा मुळीच नाही. त्या काफिल्याबरोबर आईचे दूध होते, जाणत्या बायका होत्या, आणि वाट ओळखीची होती. अकबराच्या दुसऱ्या प्रवासात नेमके हेच बिघडले.

१५४३ च्या उन्हाळ्यात हुमायूनने सिंध सोडला आणि तो कंदाहारच्या दिशेने निघाला. आजच्या क्वेट्ट्याच्या दक्षिणेला मस्तंग आहे. तिथे खबर आली की सख्ख्यासारखा सावत्र भाऊ अस्करी मिर्झा दोन हजार स्वार घेऊन चालून येतो आहे. वेळ नव्हता, घोडे नव्हते. तर्दी बेगकडे घोडे मागितले, त्याने दिले नाहीत. हुमायूनने हमीदाबानूला घोड्यावर बसवले आणि मूठभर माणसांनिशी तो डोंगराकडे निघाला. अकबर एका वर्षाचा होता. त्याला तळावरच ठेवले. गुलबदन म्हणते, त्याला घ्यायलाही सवड नव्हती. इतर लेखक हवामानाचे कारण देतात. काही तर कडक उन्हाचे. पण त्याच रात्री पळणाऱ्यांना बर्फाने गाठले, जळण मिळेना, आणि घोडा मारून त्याचे मांस शिरस्त्राणात शिजवावे लागले, हे गुलबदनच लिहिते. मग ऊन कसले? कारण नंतर शोधलेले दिसते. अर्थात, त्या बर्फात वर्षाचे मूल टिकले असते की नाही, कोण सांगणार. अस्करीने पुतण्याला मारले नाही; आपल्या बायकोच्या, सुलतानम बेगमच्या हवाली केले आणि तिने त्याला जीव लावला. म्हणजे निर्णय परिणामाने बरोबर ठरला.

तरी एक गोष्ट खटकत राहते. सोळा वर्षांच्या आईला कुणी विचारले होते का? निकाहाला चाळीस दिवस नकार देणाऱ्या या मुलीचे बोलणे गुलबदनने तपशिलाने नोंदवले आहे. मस्तंगला ती काय म्हणाली, याची नोंद नाही.

अकबराला मागे ठेवता आले याचे एक साधे कारण होते. त्याचे दूध त्याच्यापाशी होते. जीजी अनगा, माहम अनगा आणि जीजीचा नवरा शम्सुद्दीन तळावरच राहिले आणि मुलाबरोबर कंदाहारला गेले. अबुल फज्लने दायांची लांबलचक यादी दिली आहे. ती वाचताना सामान्य वाचक कंटाळतो, पण बाळाच्या प्रवासाचा खरा हिशेब तिथेच आहे. गरिबाच्या बाईला मूल ठेवून जाता येत नाही आणि नेताही येत नाही. जीजीचा मुलगा अजीज कोका पुढे दरबारात कितीही उद्धटपणे वागला तरी अकबर त्याला माफ करी, तो या दुधाच्या नात्यामुळेच.

कंदाहारच्या मुक्कामातली एक आठवण अकबर मोठेपणी सांगत असे. मूल चालू लागले की बापाने आपली पगडी त्याच्यावर टाकायची, असा तुर्की रिवाज. बाप तर इराणच्या वाटेवर. माहम अनगाने अस्करीला आठवण करून दिली, त्याने पगडी टाकली आणि मूल पडले. ते पडणे आणि नंतर बाबा हसन अब्दाल यांच्या दर्ग्यावर जावळ काढायला नेलेले आपल्याला आठवते, असे बादशहाचे म्हणणे. आपल्याकडे दर्ग्यावर जावळ काढणारे लोक हे वाचून खूश होतील.

१५४४-४५ च्या हिवाळ्यात कामरान मिर्झाच्या हुकमाने या दोन वर्षांच्या मुलाला बर्फातून काबूलला नेले. बरोबर सावत्र बहीण बख्शीबानू. ओळख पटू नये म्हणून त्याला मीरक आणि तिला बीजा अशी नावे दिली होती. काबूलला बाबरची बहीण खानजादा बेगमने त्याचे हातपाय चुंबून म्हटले की हे तर माझ्या भावाचेच हातपाय. हुमायूनने नोव्हेंबर १५४५ मध्ये काबूल घेतले आणि हमीदाबानू त्यानंतर आली. मुलाने बायकांच्या घोळक्यातून आईला बरोबर ओळखले, असे अबुल फज्ल भक्तिभावाने सांगतो. वर्षाचा असताना सुटलेला मुलगा दोनेक वर्षांनी आईला ओळखेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण आईने त्याला ओळखले असणार.

बादशहांचे सोडा. आपल्या कोकणी घरांत हा निर्णय घड्याळाने नव्हे, दर्याने घेतला. पोटुशी मुलगी मुंबईहून माहेरी बाणकोट, दाभोळ, जयगडकडे जाई. किनाऱ्याच्या आगबोटी पावसाळ्यात बंद असत. आषाढात जन्मलेल्या बाळाचा चिल्ला भाद्रपदाच्या तोंडावर संपला तरी बोट सुरू होईपर्यंत थांबणे आलेच. धक्का नसलेल्या बंदरात बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून न्यावे लागत; हेलकावणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर बाळ हातोहात द्यायचे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर पावसाळी समुद्राचा धाक घराघरांत बसला. खलाशी बाप जहाजावर महिनोन् महिने असे. मुलाचे तोंड तो पहिल्यांदा पाही तेव्हा ते बसायला, कधी रांगायलाही लागलेले असे.

आज दर्या आडवा येत नाही. विमान कंपन्या साधारण एक-दोन आठवड्यांच्या बाळालाही नेतात, काही डॉक्टरी दाखला मागतात. आणि तान्ह्यालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो. पण कंपनीने तिकीट दिले म्हणजे बाळ तयार झाले असे नव्हे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाला ताप आला तर तो किरकोळ समजत नाहीत, तातडीने डॉक्टर गाठावा लागतो. जन्मताच बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बी या लसी देतात, मग सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला पुढचे डोस. गोवराची लस नऊ महिने पुरे झाल्यावर. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. आजीचा चिल्ला आणि सरकारचे लसीकरण दोन दिवसांच्या फरकाने एका जागी येतात, हा योगायोग मला आवडतो. पूर्ण दिवसांचे, अंगावर नीट पिणारे, वजन धरलेले बाळ पहिला डोस घेऊन माहेराहून सासरी जायला हरकत नसते. सुटीच्या गर्दीतल्या हिलस्टेशनची गोष्ट वेगळी. तिथे जाण्याची गरज बाळाला नसते, ती मोठ्यांना असते.

सूरह बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे. त्याआधी दूध तोडायचे असेल तर ते आई-बाप दोघांच्या राजीखुशीने आणि मशवऱ्याने व्हावे, असे तिथे म्हटले आहे. दुधासाठी मशवरा लागतो, तर प्रवासासाठी का नको? सासऱ्यांनी तारीख ठरवली, दिराने गाडी ठरवली, नवऱ्याने दुबईहून तिकीट धाडले, आणि रात्री तीनदा उठून बाळाला पाजणारीला सकाळी फक्त बॅग भरायला सांगितले. हे चित्र मी चांगल्या शिकलेल्या घरांतही पाहतो. तिला विचारले तर ती कदाचित हो म्हणेल. कदाचित म्हणेल, टाके अजून दुखतात, बाळ नीट अंगावर लागलेले नाही, पंधरा दिवस थांबा. तिकिटाची तारीख बदलायला थोडे पैसे पडतात, इतकेच.