इंचाचे आटे, मिलिमीटरचा कॅमेरा

मायक्रोस्कोपचे ऑब्जेक्टिव्ह कॅमेऱ्यावर चढवायचे तर मध्ये अ‍ॅडाप्टर रिंग लागते. तिच्या एका बाजूला ऑब्जेक्टिव्हचे आटे असतात, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचे, बेलोजचे किंवा लेन्सच्या फिल्टरचे. रिंग किरकोळ किमतीची, पण तिची निवड दीडशे वर्षांपूर्वीच्या एका ठरावावर अवलंबून असते. पूर्वी प्रत्येक कारागीर आपल्या मनाचे आटे पाडी आणि एकाचे ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपला बसत नसे. १८५८ मध्ये लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने माप बांधून दिले: व्यास ०.८ इंच म्हणजे २०.३२ मिमी, इंचाला ३६ आटे, आणि आट्यांचा कोन व्हिटवर्थ पद्धतीचा, ५५ अंशांचा. सोसायटीला पुढे ‘रॉयल’ पदवी मिळाली आणि हे आटे आरएमएस नावाने रूढ झाले. शाळा-कॉलेजांत येणाऱ्या अंबाल्याच्या मायक्रोस्कोपांवरही बहुधा तेच असतात.

ठाणे-कल्याणला इंचाचे आटे परके नव्हते. पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आली, पुढच्या वर्षी कल्याणला रूळ पोहोचले, आणि रेल्वेच्या इंग्रजी यंत्रांबरोबर इंचाची मापेही आली. मेट्रिक पद्धत देशात कायद्याने आली ती १९५६ नंतर. १ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसी स्थापन झाली. वागळे इस्टेट, डोंबिवली, अंबरनाथ हा पट्टा कारखान्यांनी भरला आणि त्यांच्या आधाराने लेथची छोटी वर्कशॉपही वाढली. बाजारात न मिळणारी रिंग अशा लेथवर काढता येते. लीड स्क्रू इंचाचा असेल तर गिअर बदलून ३६ आटे सहज निघतात. तो मिलिमीटरचा असेल तर १२७ दात्यांचे चाक लावावे लागते, कारण १२७ मिमी म्हणजे बरोबर ५ इंच. टर्नरकडे जाताना नुसते माप नेऊ नये, ऑब्जेक्टिव्हच न्यावे.

सगळेच उत्पादक आरएमएसला चिकटून राहिले नाहीत. निकॉनने १९९६ मध्ये आणलेल्या सीएफआय६० मालिकेला एम२५ × ०.७५ आटे आहेत, तर मितुतोयोच्या ऑब्जेक्टिव्हना २६ मिमी व्यास आणि पुन्हा इंचाला ३६ आटे. खरी फसगत होते ती कॅमेऱ्याच्या बाजूला. जुन्या प्रॅक्टिका-पेंटॅक्सचा एम४२ आणि टी२ रिंग, दोन्ही ४२ मिमीच. पण पहिल्याची पिच १ मिमी, दुसऱ्याची ०.७५. एक-दोन फेरे सरळ जातात, मग रिंग अडकते. तिथे जोर लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे मेलेच.

आट्यांइतकेच अंतर महत्त्वाचे. ऑब्जेक्टिव्हवर १६० कोरलेले असेल तर प्रतिमा त्याच्या खांद्यापासून सुमारे १५० मिमीवर पडते. कॅननच्या ईएफ बॉडीत माउंट ते सेन्सर ४४ मिमी जातात. उरलेले १०६ मिमी एक्स्टेन्शन ट्यूब किंवा बेलोजने भरायचे. निकॉनच्या एफ माउंटला हेच १०३.५ मिमी होतात. आकड्याऐवजी आडवा आठ, म्हणजे अनंताचे चिन्ह असेल तर नळी नव्हे, लेन्स हवी: निकॉन आणि मितुतोयोसाठी २०० मिमीची, ऑलिंपससाठी १८० मिमीची. अशा वेळी आरएमएस किंवा एम२५ वरून थेट फिल्टरच्या आट्यांवर, म्हणजे ५२, ५८ किंवा ७७ मिमीवर जाणारी रिंग घ्यावी. निकॉनच्या १०एक्समागे १०० मिमीची लेन्स लावली तर वाढ निम्मी होऊन ५ पटच राहते आणि कोपरे काळवंडण्याचा संभव असतो. जुन्या ऑब्जेक्टिव्हची आणखी एक गोची आहे. त्यांतला रंगदोष आयपीसने भरून काढायचा असे. आयपीस काढला की कडेला रंगीत किनार उमटते. निकॉनने १९७६ च्या सीएफ मालिकेत ही दुरुस्ती ऑब्जेक्टिव्हमध्येच केली. म्हणून जुन्या बाजारात त्या मालिकेला पसंती असते.

ही खटपट कशासाठी, याचे उत्तर याच परिसरात सापडते. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदली गेली. २६/११ च्या हल्ल्यात कसाबला पकडताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिला इसियस तुकारामी म्हणतात. असे कोळी जेमतेम काही मिलिमीटरचे. फुल फ्रेम सेन्सरवर ४एक्स ऑब्जेक्टिव्ह ९ मिमी रुंदी टिपते, १०एक्स फक्त ३.६ मिमी. त्यात १०एक्सच्या एका फोटोत सुमारे ९ मायक्रॉन जाडीच स्पष्ट येते, आणि एकावर एक बरेच फोटो जोडावे लागतात. जिवंत कोळी तेवढा वेळ थांबत नाही. त्यामुळे नवख्याने १६० मिमीचे ४एक्स, आरएमएस ते एम४२ रिंग आणि साधे बेलोज एवढ्यावर सुरुवात करावी. १०एक्स नंतर घेता येते.