चंद्रावरची दुबार पेरणी

२३ ऑगस्ट २०२३, बुधवार. निज श्रावणातली सप्तमी. इतिहासाच्या पुस्तकात या दिवसाची नोंद अशी राहील, की संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या भागात उतरला आणि तिथं पोचलेला भारत हा पहिला देश ठरला. आमच्या पहूरच्या शिवारात मात्र तो पावसाच्या खंडातला एक दिवस होता.

त्या साली मृग कोरडा गेला. पाऊस जूनच्या शेवटी आला, जुलैत बरा झाला अन् ऑगस्टात पाठ फिरवून बसला. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता, असं हवामान खात्यानं पुढं सांगितलं. आम्हाला ते कपाशीनं आधीच सांगितलं होतं. दुपारी झाडं माना टाकायची. पातेगळ सुरू झाली होती.

त्या दिवशी सकाळपासून मी ठिबकच्या नळ्या पाहत फिरत होतो. विहिरीला पाणी बेताचं. तासाभरात मोटर हवा धरायची. मग बंद करायची, पाणी साचू द्यायचं, पुन्हा सुरू करायची. पलीकडं निंदणीच्या बायांत चंद्राचीच गोष्ट चालली होती. एक म्हातारी म्हणाली, "इतक्या दूर कायले गेले असतीन ते?" शेजारच्या वावरातला कॉलेजचा पोरगा म्हणाला, "आजी, तिथं सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ आहे म्हणतात." म्हातारीचं खुरपं काही थांबलं नाही. म्हणाली, "म्हंजे तेबी पान्याच्याच मागं हिंडू राह्यले!"

सगळे हसले. पण तिचं खोटं काय होतं? २००८ साली गेलेल्या पहिल्या चांद्रयानानंच चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या होत्या.

संध्याकाळी ओट्यावर एका मोबाईलभोवती दहा-बारा माणसं जमली. यान ३० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे ६००० किलोमीटरच्या वेगानं खाली यायला निघालं होतं. एकोणीस-वीस मिनिटांचा खेळ. मला ७ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत होती. तेव्हा दोन वाजायच्या सुमारास असंच यान अगदी जवळ जाऊन हातचं गेलं होतं. या वेळी उतरलं. पेठ अन् कसबे, दोन्हीकडं फटाके वाजले. वर पाहिलं तर अर्धा चंद्र स्वच्छ दिसत होता. ढगाचा ठिपका नाही. याचा आनंद मानावा की काळजी करावी, तेच कळेना.

मला विचाराल तर चांद्रयान-३ ही दुबार पेरणी होती. पहिलं बी वाया गेलं म्हणून शहाणा शेतकरी वावर सोडून देत नाही. ओल कमी पडली, की बी खोल गेलं, ते पाहतो अन् पुन्हा तिफण धरतो. इस्रोनं तेच केलं. लँडरचे पाय मजबूत केले, इंधन जास्त भरलं. आधी उतरायला अर्धा किलोमीटर लांब-रुंद जागा धरली होती, ती चार बाय अडीच किलोमीटरच्या जवळपास केली. चार वर्षं खपले.

फरक एकच. त्यांच्या दुबार पेरणीमागं सगळा देश उभा राहिला. सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. त्या पैशाबद्दल माझी तक्रार नाही, ते सार्थकी लागले. पण आमची दुबार पेरणी ज्याच्या त्याच्या खात्यावर पडते. पहिलं बियाणं उधारीचं, दुसरं व्याजाचं. एकदा फसलेल्याला दुसऱ्यांदा पेरायला बळ द्यावं लागतं, हे देशाला चंद्राच्या बाबतीत कळलं. शिवाराच्या बाबतीतही ते कळायला पाहिजे.

आठवड्याभरात बातम्या आल्या. चंद्राच्या मातीत गंधक सापडलं. लँडरनं मातीत तापमापक खुपसला, तर वर ५० अंशांच्या आसपास अन् आठ सेंटीमीटर खाली उणे १०. ते वाचून मला मोठी जवळीक वाटली. पेरणीच्या आधी ओल पाहायला आम्हीही मातीत बोट खुपसतो. वरची माती काहीही सांगो, खरं काय ते खाली चार बोटांवर कळतं.