25 धावांचा निकाल

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने 1939-40 आणि 1940-41 असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. माझ्या मते यातली खरी झुंज अंतिम सामन्यात नव्हे, दुसऱ्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध झाली. महाराष्ट्र 675, मुंबई 650. निकाल पहिल्या डावाच्या आघाडीवर. मुंबईच्या रांगणेकरांनी 202 धावा काढल्या, पण पन्नाशीला टेकलेल्या देवधरांच्या 246 पुरून उरल्या. आम्ही कर्जत-खालापूरकर घाटाच्या पायथ्याचे, पोटापाण्यासाठी मुंबईकडे झुकलेले. तरी माझा कौल प्रोफेसरांना. कसोटी मात्र त्यांना एकही मिळाली नाही. 1932 साली भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती.